चौथी ओळ



मी निवृत्त कर्नल. पायदळात अठ्ठावीस वर्षं काढली, आता बेळगावात राहतो. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी शिक्षक नाही. डी.एड. नाही, बी.एड. नाही, साधा बी.ए. आहे. बालमानसशास्त्राचाही अभ्यास केलेला नाही. मला एकच गोष्ट थोडीफार येते. माणूस काय करतो ते बघायचं आणि लिहून ठेवायचं. ती कुठे शिकलो ते आधी सांगतो, मग शाळेकडे येतो.

नोकरीच्या मधल्या काळात तीन वर्षं मी भोपाळच्या सिलेक्शन बोर्डावर होतो. सैन्यात अधिकारी व्हायला निघालेली मुलं तिथे पाच दिवस राहतात. माझं काम मैदानावरचं. आठ-दहा उमेदवारांना एक फळी, एक बल्ली आणि एक दोर द्यायचा, अडथळे पार करायला सांगायचं आणि आपण बाजूला उभं राहून बघायचं. त्या कामासाठी आम्हाला आधी शिकवतात. तिथे पहिल्याच आठवड्यात माझी वही परत आली. मी एका उमेदवाराबद्दल लिहिलं होतं, ‘धाडसी आहे, आत्मविश्वास चांगला.’ शिकवणाऱ्या साहेबांनी खाली तांबड्या शाईनं विचारलं होतं, ‘त्यानं केलं काय?’ मी पुन्हा लिहिलं, ‘फळी सरकायला लागली तेव्हा सगळे ओरडत होते. चार नंबरनं काही न बोलता खाली बसून ती धरली.’ मग वही पास झाली.

त्याच पाच दिवसांत मानसशास्त्रज्ञांकडे एक छोटा पेपर असतो. पंधरा मिनिटांचा. आईवडिलांना तुमच्याबद्दल काय वाटतं ते लिहा. शिक्षकांना काय वाटतं, मित्रांना काय वाटतं, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं. पुढे कसं व्हायचंय हेही विचारतात, पण ते आज बाजूला ठेवू. आज या चार ओळी लक्षात ठेवा.

आता शाळा. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. नाव सांगत नाही, मुलांचीही सांगणार नाही, मुलं लहान आहेत. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी मला स्वातंत्र्यदिनाच्या संचलनासाठी बोलावलं. पंधरा ऑगस्ट झाला, मुलं बऱ्यापैकी पायात पाय न अडकवता चालली. जिलेबी खाताना बाई म्हणाल्या, “कर्नलसाहेब, कवायत झाली. आता माझी अकरा मुलं दिवसातून एक तास घ्याल का?”

तिसरी-चौथीतली अकरा मुलं. कुणाला अक्षरं येतात पण शब्द जुळत नाही, कुणाला शब्द येतो पण वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. कुणाची वजाबाकी अडलेली. त्यात आमच्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्या. बडोद्यात किंवा हैदराबादेत मुलं वाढवलेल्या मंडळींना हे दुखणं वेगळं सांगायला नको. आणि ही अकरा मुलं काही जगावेगळी नाहीत. ‘असर’चा २०२४ चा अहवाल बघा. ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीतल्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे चारातल्या तिघांना नाही.

मला वाटलं, सुरुवात त्या चार ओळींनी करावी. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मी लिहून घेतल्या. उत्तरं ऐकायची तयारी मात्र माझी नव्हती. आईला काय वाटतं? ‘ढ.’ बाबांना? ‘म्हशी राखायच्या लायकीचा.’ बाईंना? ‘लक्ष नाही म्हणतात.’ मित्रांना? ‘खेळायला घेतात, पण कप्तान करत नाहीत.’ या तीन ओळी सगळ्यांच्या धडाधड आल्या, पाढ्यासारख्या. चौथ्या ओळीला, म्हणजे तुला स्वतःला काय वाटतं, अकरापैकी नऊ जण गप्प. एक म्हणाला, “मला काय ठाऊक, सर?” आणि एक मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, “मला काय येत नाही, पण मी रडत नाही.”

मैदानावर मी शेकडो उमेदवार बघितले. स्वतःबद्दल फुशारकी मारणारे बघितले, खोटं लिहिणारे बघितले. कोरा कागद देणारा कधी बघितला नव्हता. आणि इथे आठ-नऊ वर्षांची मुलं कोरी.

मी एक शंभर पानी वही केली. प्रत्येकाला नऊ पानं. नियम तोच, तांबड्या शाईवाला. ‘हुशार’, ‘गुणी’, ‘चांगला’ असले शब्द लिहायचे नाहीत. तारीख टाकायची आणि मूल काय करताना दिसलं ते लिहायचं. तासातच नव्हे, मैदानात, जेवणाच्या रांगेत, नळावर.

इथे एक कबुली. एका मुलाच्या पानावर मी महिनाभर ‘पुढे येऊन उभा राहतो’, ‘पुढच्याच्या खांद्यावरून बघतो’ असं लिहीत होतो आणि मनात म्हणत होतो, वा, पुढाकार घेतो. त्याला फळ्यावरचं दिसतच नव्हतं. चष्मा लागला आणि पुढाकार बंद झाला. तेव्हा पालकांनो, आधी डोळे, आधी कान. आणि सगळं करूनही अक्षरं उलटीसुलटी होत राहिली तर तज्ज्ञाकडून तपासून घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमतेची नोंद आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वहीत काय सापडलं त्याचं एक उदाहरण देतो. आमच्याकडे दुपारच्या जेवणाच्या योजनेला अक्षर दासोह म्हणतात. त्यात मुलांना अंडी मिळतात, अंडं न खाणाऱ्याला केळं. ‘मी रडत नाही’ म्हणणारी जी मुलगी, ती वाटपाला उभी असायची. कोण अंडं खातं, कोण केळं, कुणाच्या घरी सोमवार पाळतात, कुणाचा श्रावण संपला, हे सगळं तिला यादीशिवाय पाठ. स्वयंपाकाच्या मावशी तिलाच विचारायच्या. एके दिवशी हजर मुलं ६२, अंडी खाणारी ३८. मावशींनी विचारलं, “केळी किती गं?” ही वर न बघता म्हणाली, “चोवीस.”

दुपारी मी फळ्यावर तीच वजाबाकी मांडली. ६२ खाली ३८. तिनं उत्तर काढलं ३६. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले. शिक्षक मंडळी हसताहेत, त्यांनी ही चूक हजार वेळा बघितली असेल. मी चूक म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, “आज सकाळी केळी किती आणली होतीस?” ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “छत्तीस आणली असती तर बारा उरली असती की ओ!” मी विचारलं, “सकाळी चोवीस कसं काढलंस?” आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं फार अवघड असतं, माझ्यासारख्या हुकूम सोडायची सवय असलेल्याला तर फारच. तिनं सांगितलं, अडतीसला दोन घातले की चाळीस, चाळिसापासून बासष्टला बावीस, बावीस आणि दोन चोवीस. मग आम्ही दोघांनी मिळून फळ्यावरचा दशक सुटा केला, काड्यांचा गठ्ठा सोडून. दोन्हीकडे चोवीस आल्यावर ती म्हणाली, “हे तेच आहे की.”

तेच आहे, पण ते तिला कुणी दाखवलं नव्हतं. २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो हे नोबेलविजेते त्यातले दोन लेखक. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं सौद्याचे अवघड हिशेब तोंडी करत होती, पण तेच हिशेब पुस्तकातल्या पद्धतीनं मांडले की अडत होती. आणि उलटंही दिसलं. पुस्तकातली गणितं बऱ्यापैकी सोडवणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळत होती. इकडचं तिकडे आपोआप जात नाही. मधे पूल लागतो आणि तो मोठ्या माणसानं बांधावा लागतो.

हे मला तिच्या बाबतीत कळलं. आणि दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत मी ते साफ विसरलो. आज इथे उभं राहायला मी तयार झालो तो खरं म्हणजे त्या मुलामुळे.

चौथीतला मुलगा. घरात दोन यंत्रमाग, शेठकडून सूत येतं, साडी विणून द्यायची. आई कांड्या भरते, बाप मागावर. या मुलाचं वाचन अकरांत सगळ्यात मागे. जोडाक्षर आलं की थांबायचा आणि पुस्तक मिटायचा. मी एकदा त्याच्या घरी गेलो. मागांचा आवाज म्हणजे काय ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या गदारोळात हा पोरगा माझ्याशी बोलता बोलता एकदम उठला आणि त्यानं दुसरा माग बंद केला. सूत तुटलं होतं. दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. धोट्याचा आवाज बदलतो म्हणे. त्यानं तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली, माग चालू केला आणि परत येऊन बसला.

मी थक्क झालो. वहीत नोंद केली, ती बरोबरच होती. पण तिथे थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, “हा आपला मागाचा इंजिनीयर! याच्यासारखे कान कुणाचे नाहीत.” मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात त्याचे वडील बाजारात भेटले, त्यांनाही सांगितलं, “तुमच्या पोराचं डोकं मागावर काय चालतं हो!” त्या माणसाचा चेहरा फुलला. त्याच्या मुलाबद्दल शाळेतून आलेला तो पहिला चांगला निरोप असावा.

दिवाळीनंतर मुलगा माझ्या तासाला यायचा बंद झाला. सकाळी शाळेत असायचा, दुपारी पाठ टेकायची खोटी, की घरी. विचारलं तर म्हणाला, “मी मागाचा इंजिनीयर नव्हे काय सर? मला वाचायचं काय काम?” डिसेंबरात दुपारनंतर शाळेतच यायचा बंद झाला. मी घरी गेलो. वडिलांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी आदरानं म्हणाले, “तुम्हीच म्हटलासा की ओ साहेब, मागावर डोकं चालतंय म्हणून. मग लवकर शिकला तर बरं न्हवं?”

मला उत्तर सुचलं नाही. चहा घेतला आणि निघालो.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी हे आयुष्यात दुसऱ्यांदा केलं होतं. मी कॅप्टन असताना माझ्या कंपनीत एक जवान होता. कोल्हापूरकडचा. रात्रीच्या गस्तीला त्याच्यासारखा स्काउट मी बघितला नाही. अंधारात, पावसात, अनोळखी डोंगरात दिशा चुकायचा नाही. पण नकाशावाचनाच्या वर्गात त्याला घाम फुटायचा. समोच्च रेषा, ग्रिड, कंपासाचा कोन, काही जमायचं नाही. मी एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, “तुला नकाशा कशाला? तूच चालताबोलता नकाशा आहेस.” सगळे हसले, तोही हसला. नंतर वर्गाची वेळ आली की मी त्याला गस्तीवर काढायचो. मला सोय, त्याला सुटका. मग बढतीचं कॅडर आलं. नाईक व्हायचं तर नकाशावाचन लागतंच. तो नापास झाला. पुढच्या वेळी पुन्हा. त्याच्यामागून आलेल्यांच्या बाहीवर फिती चढल्या, आणि तो नोकरी पूर्ण करून शिपाई म्हणूनच घरी गेला. मी त्याच्या अहवालात वर्षानुवर्षं ‘उत्कृष्ट स्काउट’ लिहिलं होतं. खोटं काहीच लिहिलं नव्हतं.

कौतुक करून माणसाला आहे तिथेच ठेवता येतं. शिव्या देऊन ठेवता येतं त्यापेक्षा सोपं आहे ते, कारण तोही हसत असतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ‘तू हुशार आहेस’ असं ज्यांना सांगितलं ती मुलं अवघड कोडं आल्यावर लवकर ढेपाळली. ‘मेहनत घेतलीस’ असं ज्यांना सांगितलं ती टिकली. मला वाटतं ‘हुशार’च्या जागी ‘इंजिनीयर’ घाला, ‘स्काउट’ घाला, ‘चित्रकार’ घाला, फार फरक पडणार नाही. हल्ली मी बघतो, मूल अभ्यासात मागे असलं की आपण घाईघाईनं म्हणतो, अहो पण तो नाचतो छान. नाचू दे की! पण त्याच्या वाचनाचं काय? २०२० च्या शैक्षणिक धोरणानं समग्र प्रगतिपत्रक आणायचं म्हटलं, मुलानं स्वतःबद्दल लिहायचं, मित्रांनी लिहायचं. कागद चांगला आहे. पण भरणाऱ्यानं तीस मुलांच्या पत्रकांवर ‘सहकार्याची वृत्ती आहे’ लिहिलं तर तांबड्या शाईवाले साहेब कुठून आणायचे?

दुसऱ्या दिवशी मी परत त्या घरी गेलो. मुख्याध्यापिका बाईंना बरोबर नेलं. वडिलांना म्हणालो, “मी अर्धंच बोललो होतो. माझी चूक झाली.” कर्नल चूक झाली म्हणतो हे ऐकून ते जरा अवघडले. मग मी मुलाला विचारलं, “सूत तुटलं की तू साडी टाकून देतोस का?” तो म्हणाला, “नाही ओ. टोक शोधायचं.” “मग पुस्तक का मिटतोस?”

तो काही बोलला नाही. पण सोमवारी आला. वडिलांशी ठरलं ते असं, की शाळा पूर्ण, माझा तास पूर्ण, माग त्यानंतर. ते आनंदानं हो म्हणाले असं मी सांगणार नाही. दोन मागांवर तिसरा हात कमी झाला की साडी उशिरा उतरते आणि शेठ उशिराचे पैसे कापतो. बाईंनी दोनदा समजावलं, तेव्हा ‘परीक्षेपर्यंत बघू’ म्हणाले.

आमचं वाचन बदललं. तो वाचायचा, मी पेन्सिल त्याच्याच हातात दिली. जिथे अडेल तिथे त्यानं स्वतः खूण करायची, मी नाही. आठवडाभरात पानावर दिसायला लागलं की तो कुठेही अडत नाही, ठरावीक जागी अडतो. रफार आणि जोडलेला य. ‘सूर्य’ला थांबायचा, ‘पुस्तक’ला नाही. ‘संध्याकाळ’ला थांबायचा, ‘रस्ता’ला नाही. “सर, इथंच तुटतंय,” म्हणाला. मी आधी समजत होतो, याला जोडाक्षरंच येत नाहीत. तसं नव्हतं. कुठे तुटतंय हे शोधण्यात तो माझ्यापेक्षा पुढे होता, फक्त पुस्तकाच्या बाबतीत त्याला तशी संधी कुणी दिली नव्हती. मग त्या दोन गाठींवरच काम केलं. मी शब्द म्हणायचा, त्यानं डोळे मिटून ऐकायचं, र आधी ऐकू येतो की नंतर ते सांगायचं, आणि मग लिहायचं. कान होतेच.

मार्चपर्यंत तो दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला लागला. चौथीतला मुलगा, दुसरीचं पुस्तक. टाळ्या वाजवू नका, अजून बरंच अंतर आहे. तो आता पाचवीत आहे आणि वडिलांचं ‘परीक्षेपर्यंत बघू’ दर परीक्षेला पुन्हा सुरू होतं. मी जाऊन चहा पितो.

मार्चमध्ये मी अकरा जणांकडून पुन्हा त्या चार ओळी लिहून घेतल्या. या वेळी स्वतः लिहायच्या. पहिल्या तीन ओळी फारशा बदलल्या नव्हत्या. ‘ढ’ तिथेच होता. घरं इतक्या लवकर बदलत नाहीत. चौथ्या ओळीत वाटपवाल्या मुलीनं लिहिलं, ‘मी लक्षात ठेवते. वजाबाकी मनात करून मग मांडते.’ दोघांनी अजूनही कोरी सोडली. मागवाल्या मुलानं बराच वेळ घेतला, दोनदा खोडलं आणि लिहिलं, ‘मी वाचतो. थांबत थांबत.’

आणि तो जवान. डिसेंबरातल्या त्या रात्रीनंतर जुन्या पलटणीतल्या लोकांकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. तीस वर्षं झाली होती. मी नकाशाचं सगळं बोललो. पलीकडे शांतता. मग म्हणाला, “साहेब, तेव्हा लई वाईट वाटलं होतं. पण तुम्हाला कसं सांगणार?” थोडा वेळ गावाकडच्या गप्पा झाल्या. ठेवता ठेवता म्हणाला, “साहेब, नातू तिसरीत आहे. वाचत नाही. बाई म्हणतात लक्ष नाही. तुम्ही बघाल काय?”

आता दर रविवारी दहाला व्हिडिओ कॉल असतो. नातू माझ्याशी अजून नीट बोलत नाही, फोनसमोर बसतो आणि इकडेतिकडे बघतो. आजोबांना मी वही करायला सांगितली आहे. नकाशा न जमलेला माणूस, पण नोंदी काय करतो! गेल्या रविवारी त्यानं मला वाचून दाखवलं, ‘मंगळवार. शेळीनं पिल्लू अंगाशी घेतलं नाही. पोरानं दूध पाजायला बाटली घेतली, कुणी सांगितलं नव्हतं. किती वेळा पाजलं ते भिंतीवर कोळशानं रेघा ओढून ठेवलं. सात रेघा.’

या रविवारी आम्ही त्या रेघांपासून सुरुवात करणार आहोत.